चाळीस साड्या आणि पहिली कात्री

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही गडहिंग्लजजवळ राहता, शिवणाचा वर्षभराचा कोर्स झालाय. सासूबाईंच्या, आईच्या, नणंदेच्या मिळून चाळीसेक जुन्या साड्या घरात आहेत आणि आजेसासूबाईंचं एक इरकल लुगडंही आहे. त्यातून कुर्ते, जॅकेटं, पिशव्या शिवून विकायचं तुमच्या मनात आहे. शेजारच्या बायका म्हणतात, 'जुनेराला कोण पैसे देतंय?' माल कुठून मिळेल, आधी काय शिवावं, भाव कसा लावावा आणि लुगड्याचं जॅकेट करावं का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत अठरा वर्षं हेच काम करते. सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कात्री चालवली की कापड परत मिळत नाही.

सगळ्यात आधी एक सांगते. शिवण तुम्हाला येतेच. या धंद्यात माणूस टिकतो तो कापड निवडण्यावर. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिले पंधरा दिवस मशीनवर बसवत नाही. नुसतं कापड हाताळायला, उजेडाला धरायला आणि वेगळं काढायला लावते. त्यांना कंटाळा येतो, पण सहा महिन्यांनी त्याच मुली गठ्ठ्यात नुसता हात घालून सांगतात की हे अस्तराला जाईल, हे वर चालेल, हे भरायला टाका.

मी हे शिकले ते करवीर तालुक्यातल्या एका आजींकडून. त्या वाकळा, म्हणजे जुन्या कापडाच्या गोधड्या, शिवायच्या. मी साड्यांचं बोचकं घेऊन गेले होते, डोक्यात रंगसंगती होती. आजींनी रंगाकडे पाहिलंच नाही. पायाशी साडी ओढली, दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड चिमटीत धरलं आणि हलकेच बाजूला ताणलं. बारीक 'कर्र' असा आवाज आला. "वाजलं म्हंजी गेलं बघ. ते मधी घाल, वर नगं." दुसरी साडी ताणली, ती वाजली नाही. ती वरच्या थरासाठी डाव्या हाताला गेली. तासाभरात बोचक्याचे तीन ढीग झाले. आजही माझ्याकडे आलेला प्रत्येक कपडा आधी या दोन अंगठ्यांतून जातो. तुम्हीही हीच परीक्षा करा, आणि दोन्ही दिशांनी करा. ताण्याकडून, म्हणजे उभ्या धाग्यांत, चांगलं असलेलं कापड बाण्याकडून, म्हणजे आडव्या धाग्यांत, गेलेलं असू शकतं.

आता साडी कुठे झिजते ते बघू. साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा वार रुंद कापड असतं, पण ते सगळीकडे सारखं झिजत नाही. खालचा काठ, जिथे फॉल लावतात, जमिनीला घासून विरतो. कमरेला खोचायचा पट्टा घामानं कमकुवत होतो. बसण्याच्या जागी पोत विरळ होतो. खांद्यावर पिनांची भोकं असतात, आणि ती धुतल्यावर मोठी होतात. पण आत खोचलेला पहिला मीटरभर भाग आणि निऱ्यांच्या आतल्या घड्या कित्येकदा नव्यासारख्या निघतात, कारण तिथे ऊन लागलेलं नसतं. साडी खिडकीत उजेडाला धरा, विरळ जागांभोवती खडूनं गोल काढा आणि मगच मोजा. माझ्या हिशेबात रोज नेसलेल्या साडीतून तीन ते साडेतीन मीटर वापरण्याजोगं कापड मिळतं. पाच मीटर धरून चाललात तर दुसऱ्याच कुर्त्याला बाही कमी पडेल.

शर्टाची कॉलर आणि कफ आधी जातात, पाठ शेवटपर्यंत चांगली राहते. मोठ्या माणसाच्या दोन शर्टांच्या पाठींत तीन-चार वर्षांच्या मुलीचा फ्रॉक होतो, आणि पुढची काजबटणांची पट्टी जशीच्या तशी उचलून फ्रॉकच्या पाठीला लावता येते, तेवढे कष्ट वाचतात. जीन्सचे गुडघे आणि मांड्यांची आतली बाजू सोडा, पोटऱ्यांचा मागचा भाग घ्या, पिशवीच्या तळाला तो उत्तम. सोळा नंबरची सुई लावा, चौदानं टाका सुटतो. चादर मधे विरते, कडेला दणकट राहते.

कापड कशाचं आहे हे ओळखणं दुसरी पायरी. कडेचे चार धागे काढा, चिमट्यात धरून काडी लावा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक गोळी उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. राखही आणि गोळीही दिसली तर मिश्रण. हे समजणं दोन कारणांसाठी लागतं. एक, इस्त्री आणि धुणं. सुताला चालणारी कडक इस्त्री पॉलिएस्टरवर आणि प्लॅस्टिकच्या जरीवर फिरली की कापड आकसतं. दुसरं कारण माझ्या मनाच्या जास्त जवळचं आहे. सुताला सूत जोडलं तर ती वस्तू पुढे जीर्ण झाल्यावरही तिचं दुपटं, फडकं, मसोतं होतं, शेवटी ती मातीत जाते. सूत आणि पॉलिएस्टर एकाच वस्तूत मिसळून शिवलं की तिचे पुढचे सगळे रस्ते बंद होतात. म्हणून मी ढीग वेगळे ठेवते. पॉलिएस्टरच्या वस्तू वेगळ्या करते, त्याही शक्यतो रोज धुवाव्या लागणार नाहीत अशा. कारण ते कापड प्रत्येक धुण्यात प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात सोडतं, आणि आमचं कोल्हापूरचं धुण्याचं पाणी शेवटी पंचगंगेलाच मिळतं.

रंगाबद्दल. पांढरं सुती फडकं ओलं करून साडीवर दहा वेळा चोळा. फडक्याला रंग लागला तर ते कापड फिक्या रंगाशेजारी लावू नका. मीठ-तुरटीच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळेच सांगतात. कापड रंगवताना मीठ रंगाला सुताकडे ढकलतं, हे खरं. पण रंगवून झालेल्या कापडातून सुटणारा रंग मिठानं बसत नाही. कोमट पाण्यात पुन्हा पुन्हा धुवून सुटा रंग जाऊ द्यावा. चार धुण्यांनंतरही सुटतच राहिला, तर त्याची अस्तर नसलेली एकरंगी पिशवी करावी.

आणि हे तुमच्या कोर्समध्ये शिकवलं नसेल: अस्तराचं नवं कापड आधी रात्रभर भिजवून वाळवल्याशिवाय लावू नका. जुनी साडी शंभर वेळा धुतलेली असते, तिला जेवढं आटायचं तेवढं ती आटून बसलेली असते. नवं मलमल पहिल्या धुण्यात आटतं. दोन्ही एकत्र शिवलं की महिन्याभरात जॅकेटच्या कडा गोळा होऊन वर येतात. गिऱ्हाइकाला वाटतं जुनं कापड खराब होतं. खरं तर नव्या कापडामुळे तसं झालेलं असतं.

माझी मोठी चूक रेशमाची होती. सुरुवातीच्या वर्षांत मला बारा जॅकेटांची ऑर्डर मिळाली. जुन्या रेशमी साड्यांची, एका घरातल्या लग्नासाठी. साड्या सुंदर होत्या, कपाटात नीट जपलेल्या. मी अंगठ्यांची परीक्षा मधल्या कापडावर केली, घडीवर केली नाही. लग्नाच्या दिवशी दोन जॅकेटं पाठीवर उभी फाटली, हात पुढे नेताच. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीच्या रेषेवर तंतू तुटत जातात. वरून काही दिसत नाही, आणि ताण आला की ते त्या रेषेवर सरळ चिरतं. ती घडी मी नेमकी पाठीच्या मधोमध घेतली होती. दोन्ही बायकांनी मला दोष दिला नाही. एकीनं शाल ओढून घेतली आणि दिवसभर तशीच वावरली. मला ते आजही आठवतं. पैसे परत दिले, पण तिच्या सासूबाईंची ती साडी कुठून परत देणार?

तेव्हापासून रेशमाला माझे नियम आहेत. घडीची रेषा शोधायची, तिथे कापायचं किंवा ती शिवणीत घ्यायची. मोकळ्या पाठीवर ती येऊ द्यायची नाही. रेशीम एकटं कधीच लावायचं नाही, मऊ मलमलीवर ठेवून हातानं धावदोरा घालायचा, दोन ओळींत बोटभर अंतर ठेवून. वाकळ टिकते ती याचमुळे. पाच-सहा थर असतात आणि टाक्यांच्या ओळी इतक्या जवळ असतात की ताण कुठल्याही एका थरावर किंवा एका जागी येत नाही, सगळीकडे वाटला जातो. फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, लावून काम लवकर होतं, पण विरलेल्या रेशमाला डिंकाचा कडकपणा झेपत नाही, चिकटवलेल्या भागाच्या कडेला ते तुटतं. घरात रेशमी साड्या असतील तर आजच घडी मोडून वेगळी घडी घाला. विकायच्या असोत की नसोत.

आता मालाकडे वळते. चाळीस साड्या म्हणजे तुमचे पहिले तीन-चार महिने. पुढे माल कमी पडणार नाही, विशेषतः या जिल्ह्यात. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग लागला आणि आज तिथे गल्लोगल्ली माग आहेत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली कापड गिरणी काढली. इथं कापडाची कमतरता कधी नव्हती. इचलकरंजीतल्या नव्या, धोट्याशिवायच्या मागांवर कापडाच्या कडेची दोऱ्यांची झालरीसारखी पट्टी कापून वेगळी पडते. तिचे गोळेच्या गोळे निघतात. त्याची वेणी घालून पायपुसणी, आसनं, पिशव्यांचे बंद होतात. माझ्या पिशव्यांना आठ वर्षं तेच बंद आहेत, एकही तुटून परत आलेला नाही. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या होलसेल पेठेत कट पीस आणि डागी माल मिळतो. तिथे मात्र किलोच्या भावाला भुलू नका, गठ्ठा उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एकदा न बघता घेतलेला गठ्ठा अर्धा लायक्राच्या चिंध्यांचा निघाला.

ब्लाउज शिवणाऱ्या शिंपीणकाकूंकडे आठवड्याला पिशवीभर तुकडे निघतात. नुसतं 'द्या' म्हणू नका. महिन्याला एक पाऊच त्यांना शिवून द्या, तुकडे जपून ठेवतील. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणींशी बोला. कुठल्या कपड्याला किती किंमत हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. चांगल्या सुती साड्या बाजूला ठेवायला सांगितलं आणि वेळेवर पैसे दिले, तर त्या तुमच्यासाठी आणतात.

आणि ओटीचे ब्लाउज पीस! आपल्या प्रत्येक घरात त्यांचा डबा असतो. या हळदीकुंकवाला आलेला पुढच्या बारशाला जातो, तिथून डोहाळजेवणाला, आणि कोण शिवत नाही. कोरं कापड, एकदाही धुतलेलं नाही. तुमच्या गावात घरोघरी फिरलात तर दोनशे गोळा होतील. पाऊच, पिशवीचे आतले खिसे, कडेला लावायची मगजी आणि पायपीन, सगळं त्यातून निघतं. मात्र कुणाच्या ओटीतलं कापड घेताना रीतसर मागून घ्या आणि त्याचं काय केलंत ते परत जाऊन दाखवा. बायकांना त्याचं फार वाटतं.

पुरात भिजलेलं कापड घेऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर माझ्याकडे फुकट गठ्ठे आले होते. मैलापाणी आणि गाळ सुतात इतका बसतो की उकळूनही वास जात नाही. २०१९ ला मी शिरोळकडे गेले होते, तेव्हा मदत म्हणून आलेल्या वापरता न येणाऱ्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला चिखलात पडलेले पाहिले. आपल्याला नको झालेलं दुसऱ्याच्या दारात टाकणं ही मदत होत नाही. त्या दिवसापासून मी महिन्याला वजन करते, माझ्याकडे किती किलो आलं, किती वस्तू होऊन गेलं, किती चिंध्या उरल्या. उरलेलं वाढलं की नवं घेणं थांबवते. तुम्हीही पहिल्या महिन्यापासून वही ठेवा. शेवटच्या बारीक चिंध्या उशांत भरल्या जातात, चुंबळीत जातात. एवढं करूनही दहा किलोंत किलोभर उरतंच.

काय शिवायचं? सुरुवातीला तीनच वस्तू. झोळीसारखी पिशवी, बिनबाह्यांचं जॅकेट आणि लहान मुलांचं काहीतरी. तिन्हींचे पुठ्ठ्याचे नमुने कापून ठेवा. कापड दरवेळी वेगळं येणार, म्हणून माप आणि आकार तरी ठरलेले हवेत. कुर्ता नंतर घ्या. कुर्त्याला काखेत आणि कंबरेला ताण येतो, जुन्या कापडाची तिथे परीक्षा होते, आणि गिऱ्हाइकाच्या मापाच्या कटकटी वेगळ्याच. लहान मुलांना जुनं सूत उत्तमच, आपल्या आज्यांनी बाळाची दुपटी मऊ झालेल्या लुगड्याचीच केली. फक्त बटणं पक्की लावा आणि जरीचं कापड मुलांच्या अंगाला लागू देऊ नका, टोचतं.

उरेब कापताना जपून. विरलेलं कापड तिरकं कापलं की लोंबतं, वर्षभरात घेर एका बाजूला उतरतो. अंगात घालायच्या वस्तूत ताणा उभा ठेवा. मगजी नव्या ब्लाउज पीसमधून उरेब काढा.

भावाचं बोलते, कारण बायका इथेच स्वतःवर अन्याय करतात. 'कापड फुकटचं होतं' म्हणून दीडशेला जॅकेट विकतात. जुनं कापड नव्यापेक्षा जास्त वेळ खातं. माझ्या एका जॅकेटचा हिशेब असा: उसवणं, धुणं, इस्त्री, निवड यांना अडीच तास, कापायला अर्धा, मशीनवर चार, हाताच्या धावदोऱ्याला तीन. दहा तास झाले. तासाला ७० रुपये धरले तर ७००. अस्तर, दोरा, बटणं २२०. वीज आणि प्रवास ८०. झाले १०००. दहात एक वस्तू बिघडते, म्हणून त्यावर १०० आणखी. ११०० ला मला ते पडतं, १६०० ला मी विकते. पिशवीला दीड तास, म्हणजे १०५, सामान ६०, किरकोळ १५, बिघाडाचे १८ मिळून १९८. ती ३०० ला जाते. तुमचा वेळ तुम्ही मोजा, माझे आकडे उचलू नका. पण तासाची मजुरी आधी लिहा, नफा नंतर.

शेजारणींना उत्तर द्यायची गरज नाही. त्यातल्याच एकीच्या आईच्या साडीची पिशवी तिला करून द्या. माझी पहिली दहा गिऱ्हाइकं अशीच आली, स्वतःच्या घरातलं कापड घेऊन. त्यांना वस्तू हवीच होती, पण त्याआधी ते कापड टाकवत नव्हतं. गावात हाच धंदा आधी चालेल, दुसऱ्यांच्या साड्यांवर मजुरीचं काम. भांडवल लागत नाही आणि माल बिघडला तर काय होतं हे लवकर समजतं. बाहेर विकताना लेबलवर खरं लिहा, 'वापरलेली सुती साडी, धुऊन निवडलेली, अस्तर नवं'. जुनं लपवून विकलेली वस्तू एकदाच जाते. बचत गटात असाल तर जत्रा-प्रदर्शनात जागा मिळते. छोट्या धंद्यांची सरकारी 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

कुणी म्हणेल, जुने कपडे पानिपतला जातात, तिथे पिंजून पुन्हा सूत होतं, तुम्ही कशाला कष्ट घेता? तेही काम मोलाचंच आहे, जुन्या लोकरी कपड्यांच्या कितीतरी चादरी, ब्लँकेटं तिथे होतात. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात आणि आखूड तंतूचं सूत कमजोर आणि जाडंभरडं येतं. म्हणून जोवर कापड कापड म्हणून टिकतंय, तोवर त्याचं कापडच राहू द्यावं.

आता ते इरकल. त्याचं जॅकेट करू नका, ताई, निदान आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलंय की मधे विरलंय पण दोन्ही टोकं चांगली आहेत. अशा लुगड्याला आपल्याकडे दंड घालायची रीत होती. मधला विरलेला भाग कापून काढायचा, दोन चांगली टोकं एकमेकांना जोडायची आणि लुगडं पुन्हा नेसायचं. नऊवारी लांबीतून मधलं गेलं तरी सहावारी नेसण्यापुरतं उरतं. जोड निऱ्यांत जाईल असं मोजा. दोन्ही कडा अर्धा-अर्धा इंच दुमडून एकीत एक अडकवा, म्हणजे धागा कुठेच उघडा राहणार नाही. मग बारीक टाक्यानं हातानं शिवा, जाड सुई लावू नका, दोरा सुती घ्या. काठाशी काठ आधी जुळवा, पाच-सहा टाक्यांत पक्का करा आणि मग अंगाकडे या.

जोड दिसेल म्हणून संकोचू नका. लुगड्याचा पदर उजेडाला धरून बघा. इरकलचा रेशमी पदर मागावरच अंगाला जोडलेला असतो, पदराच्या ताण्याचे फासे अंगाच्या ताण्यात अडकवून. त्या रेषेवर बोट फिरवलंत तर तो जोड हाताला लागेल. कापलेला मधला तुकडा टाकू नका. त्यातलं जे वाजणार नाही ते बाजूला काढा आणि पहिली पिशवी त्याचीच करा, स्वतःसाठी.